जर्मनीणीची घंटा

भिंतीवर लोखंडी हूक होता, हुकाखाली पितळी पाटी होती, आणि दोघांच्या मध्ये जी घंटा असायला हवी होती ती नव्हती.

"इथे होती," कप्तान म्हणाले. दहा मिनिटांत त्यांनी हे सातव्यांदा सांगितलं होतं, आणि दर वेळी हुकाकडे असं बोट रोखलं होतं की जणू फौजदारबाईंनी आयुष्यात हूक पाहिलेलाच नाही.

बाईंनी नुसती मान डोलावली. तोंड उघडलं की डावीकडच्या दाढेतून थेट कानापर्यंत कळ जात होती. तीन आठवडे मागे लागून त्यांनी दंतवैद्याची आजची, शुक्रवारची साडेपाचची वेळ मिळवली होती. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना ठाण्यात फोन वाजला. मोठे साहेब म्हणाले, जरा जाऊन या, दहा मिनिटांचं काम आहे. आता बरोबर सहा वाजले होते, आणि कामाला अजून सुरुवातही झाली नव्हती.

कप्तान हे काही खरे कप्तान नव्हते. त्यांची सारी नोकरी भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती आणि साध्या होडीत बसलं तरी त्यांना उलटी व्हायची. पण चाळीस वर्षं त्यांना एकाच जहाजाने झपाटलं होतं. युद्ध संपल्यावर पकडलेली एक जर्मन युद्धनौका या बंदरात ओढून आणली होती आणि इथल्याच गोदीत तोडली होती. तिचं नाव घेताना जिभेला गाठ बसायची, म्हणून गावाने तिला 'जर्मनीण' म्हणायला सुरुवात केली ती कायमची. तोडणाऱ्या कामगारांनी हाताला लागेल ते घरी नेलं. तिच्या ताटल्या कुणाच्या स्वयंपाकघरात गेल्या, तिची गोल खिडकी एका न्हाव्याच्या दुकानात आरशाची चौकट झाली, तिच्या एका दाराचं खुराडं झालं. कप्तानांनी दारोदार फिरून ते सगळं गोळा केलं. खुराड्याच्या मालकाला तर त्यांनी स्वतःच्या हाताने नवं खुराडं बांधून दिलं होतं.

ते सगळं आता या एका खोलीत होतं. काचेखाली खलाशाच्या टोपीची काळी रिबन, हुकूम ओरडायचा पितळी कर्णा, एका खलाशाची रोजनिशी, जिच्यात लढाईपेक्षा बटाट्यांबद्दलच्या तक्रारी जास्त होत्या. आणि खिडकीखालच्या मेजावर, लाकडी पेटीत, ठाम आवाजात टिकटिकणारं जहाजाचं घड्याळ. त्याला क्रोनोमीटर म्हणायचं. नुसतं घड्याळ म्हटलेलं कप्तानांना खपत नसे.

दिसेल ते लिहून काढायचं ही बाईंच्या हाताची सवय होती. त्यांनी वहीत लिहिलं: पेटीतलं घड्याळ, चालू, वेळ बरोबर. तबकडीवर शून्य ते छप्पन्न आकड्यांची आणखी एक छोटी तबकडी, तिचा काटा चोवीसच्या दोन घरं पुढे. हवालदाराने खोलीच्या चारी भिंतींचे आणि मेजाचे फोटो काढले. मग प्रश्न सुरू झाले.

"खोलीला कुलूप कधी लावलंत?"

"सोमवारी सकाळी आठला. क्रोनोमीटरला किल्ली दिली आणि हॉस्पिटलात गेलो. हर्नियाचं ऑपरेशन होतं."

"उघडलीत कधी?"

"आज पाचला. सरळ इथेच आलो."

"खोलीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्या गळ्यात. दुसरी स्वयंपाकघरात, कॅलेंडरमागे."

"आणि घराची?"

हे उत्तर पुतण्याने दिलं. पाच दिवस काकांच्या उशाशी खुर्चीत बसून त्याची मान आखडली होती आणि स्वभावही. "कुंडीखाली असते," तो म्हणाला. "साऱ्या इमारतीला ठाऊक आहे."

बाईंनी गाल दाबून धरला. म्हणजे चोराला वाकायचे आणि कॅलेंडर उचलायचे एवढेच कष्ट होते. ही चोरी ज्याला जमली नसती असा माणूस शोधणं जास्त सोपं.

पुतण्याने मात्र शोध आधीच संपवला होता. तो स्वतः सोमवारपासून हॉस्पिटलातून हललाच नव्हता. तिथल्या नर्सने फोनवर ते खरं म्हणून सांगितलंही. त्याच्या मते चोर घरातच होता. मंगळवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने कामवाल्या मावशीला जिन्यावरून जड गाठोडं नेताना पाहिलं होतं. कप्तानांचा पारा चढलेलाच होता. ते ओरडले, मग विचारा तिला, मी असेन तेव्हा आणि नसेन तेव्हा, इथे तिच्याशिवाय येतंय कोण?

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एकोणीस वर्षं ती या घरात काम करत होती, आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूची धूळ तिने रोजच्या रोज झटकली होती. बाईंनी विचारलं, गाठोड्यात काय होतं. पडदे, ती म्हणाली, धुलाईवाल्याकडे टाकले. पावती? ओळखीत पावती कसली घ्यायची. नंतर धुलाईवाल्याला विचारलं तर त्याला पडदे आठवत होते, वार आठवत नव्हता. अशी माणसं भेटली की बाईंना नोकरीचा कंटाळा येई.

"बुधवारी कुठे होतीस?"

"सकाळच्या गाडीने बहिणीकडे गेले. दुसऱ्या गावी. आज दुपारी परत आले."

"घंटा शेवटची कधी पाहिलीस?"

"मंगळवारी पुसली ना. तिचं सारखंच काम असायचं. जहाजाचं बाकी पितळ आठवड्यातून एकदा पुसलं तरी लखलखतं. घंटा दोन दिवसांत काळवंडायची. अर्धी पावडर तिच्यावरच जायची."

बाईंनी तेही लिहून घेतलं आणि मग स्वतःवरच चिडल्या. घंटा कुणी नेली हे शोधायला आलो आणि पितळ पुसण्याचे धडे घेऊन चाललो.

शनिवारी सकाळी ठाण्यात पाऊल टाकताच पहिल्या मेजावरून प्रश्न आला, काय मॅडम, तपासात काय सापडलं, घंटा? सगळे हसले. बाईही हसल्या असत्या, पण गाल सुजला होता. दंतवैद्याच्या माणसाने नवी वेळ मंगळवारची दिली होती.

दहा वाजता त्या पुन्हा कप्तानांकडे गेल्या. आदल्या दिवशी ज्या माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं तोच आज खुर्चीत अंग चोरून बसला होता. समोरच्या चहावर साय धरली होती. मागे क्रोनोमीटर टिकटिकत होतं. त्याला आठच्या ठोक्याला किल्ली दिली, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले.

"काय जाऊ द्या?"

"घंटेचं. वस्तूच ती. तपास बंद करा."

बाईंचा कानांवर विश्वास बसेना. "काल तुम्ही मला म्हणालात की घंटा गेली म्हणजे तुमचा एक हात गेला. एका रात्रीत हात फुटला का?"

कप्तानांनी चहावरची साय चमच्याने बाजूला केली.

"आणि मावशीचं काय? इमारतीत सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव आहे."

"तिचं होईल काहीतरी," ते म्हणाले.

तक्रार मागे घेतो असं लिहून द्या म्हटलं तर तेही देईनात, उद्या बघू म्हणाले. बाईंना वाटलं, या माणसाला धरून गदागदा हलवावं. ऑपरेशनचे टाके ओले होते म्हणून तो वाचला.

समोरच घड्याळजींचं दुकान होतं. घड्याळजी म्हणजे कप्तानांचे चाळीस वर्षांचे मित्र. क्रोनोमीटर कप्तानांना मोडक्या अवस्थेत मिळालं होतं. घड्याळजींनी सबंध हिवाळा खर्चून ते चालू केलं होतं. दुकानात शिरताच चहूबाजूंनी टिकटिक अंगावर आली. भिंतीवर, कपाटात, काचेच्या मेजाखाली, जिकडे बघावं तिकडे घड्याळं, आणि सगळ्यांत एकच वेळ. बाईंच्या दाढेला प्रत्येक टिकटिक वेगळी जाणवत होती.

"एकही मागे-पुढे नाही," त्या म्हणाल्या.

"बंद पडलेलं घड्याळ मला बघवत नाही, मॅडम," घड्याळजी म्हणाले. सुकलेल्या अंगाचा, मऊ बोलणारा माणूस. "लग्नाला गेलो तरी भिंतीवरच्या बंद घड्याळाला आधी किल्ली देतो, मग जेवतो. बायको लाजेने तोंड लपवायची."

कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं लाकडी पेटीचं घड्याळ होतं, लंबक आत असणारं. ते पावणेसहावर थांबलं होतं. बाईंचं लक्ष गेलेलं पाहून घड्याळजी म्हणाले, त्याचा एक भाग यायचाय. बाईंनी सवयीने लिहून घेतलं.

चौकशीत फार काही निघालं नाही. मंगळवारी घड्याळजी दिवसभर दुकानात होते; शेजारच्या चांभाराने ते खरं केलं. कप्तानांच्या घरी पाय ठेवून महिना झाला, ते म्हणाले, अलीकडे गुडघे जिना चढू देत नाहीत. घंटेबद्दल विचारलं तर ते हातातलं भिंग पुसू लागले. मग म्हणाले, सोमवारी कप्तानांचा संग्रह बघायला संग्रहालयाचे अधिकारी धातू तपासायचं यंत्र घेऊन येणार आहेत, त्याआधी हे व्हायला नको होतं. मावशी गरीब आहे, तिला त्रास देऊ नका. बाईंनी विचारलं, मग कुणाला देऊ? त्यावर घड्याळजींनी भिंग खिशात घातलं आणि गिऱ्हाईक आलं.

रविवारी सुट्टी होती, म्हणजे इतरांना होती. मोठ्या साहेबांनी घरूनच फोन केला. गाठोडं पाहणारी साक्षीदार आहे, किल्ली कुठे असते ते त्या बाईला माहीत आहे, आणखी काय हवं? सोमवारी दुपारपर्यंत अटक दाखवा आणि मोकळ्या व्हा. बाईंनी विचारलं, पण घंटा कुठे आहे? साहेब म्हणाले, तिलाच विचारा.

म्हणून मावशीला ठाण्यात बोलावलं. ती सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसली होती, कारण बाईंना मध्येच दुसऱ्या कामाला जावं लागलं. चार तासांनी त्या परतल्या तेव्हा ती तशीच ताठ बसलेली होती, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत एक कागद होता. बाईंनी तो वाचला.

कागद संग्रहालयाचा होता. कप्तानांचा सगळा संग्रह संग्रहालय घेणार होतं, आणि तो सांभाळायला मावशीला कायमची नोकरी देणार होतं. तशी अट कप्तानांनीच घातली होती. खाली दोन ओळी जास्त ठळक होत्या. एक, प्रत्येक वस्तूचा धातू तपासला जाईल आणि एकही वस्तू खोटी निघाली तर संपूर्ण संग्रहाचा फेरविचार होईल. दोन, नेमणूक होणाऱ्या व्यक्तीवर पोलिसांत कोणताही गुन्हा असता कामा नये.

"हे पत्र कुणाकुणाला माहीत आहे?"

"आमच्या साहेबांना. मला. घड्याळजींना साहेबांनी वाचून दाखवलं होतं. पुतण्याला नाही सांगितलं, तो म्हणेल नोकरी बाईला कशाला." मावशीने पत्राची घडी घातली. "एकावन्न वर्षांची आहे मी. माझ्या नावाने आलेलं हे पहिलं पत्र. उद्या अकराला ते येणार. तुम्ही मला धरलंत तर ते दारातूनच परत जातील, की मला सोडून बाकीचं घेऊन जातील?"

बाईंना राग येत होता आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मंगळवारी खोलीत गेल्यावर काय काय केलं, एक एक सांग. मावशीने सांगितलं. काचा पुसल्या. ताटल्या पुसल्या. कर्णा. घंटा. जमीन.

"आणि ते घड्याळ?"

"त्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे. पेटीवरची धूळ झटकायची फक्त. साहेब रोज आठला किल्ली देतात, साडेसात फेरे, मोजून. ते नसले की मग छप्पन्न तासांनी ते थांबतंच. त्या छोट्या काट्यावर कळतं, किल्ली देऊन किती तास झाले ते. या खेपेला साहेब म्हणाले, थांबू दे, मी आल्यावर बघू."

बाईंची पेन्सिल थांबली.

"थांबलं की पुन्हा किल्ली द्यायची, एवढंच ना?"

"नाही हो. नुसत्या किल्लीने ते चालत नाही. साहेबांना कावीळ झाली होती तेव्हा असंच थांबलं होतं. मग घड्याळजी आले. काटे जिथे थांबले होते ती वेळ व्हायची वाट बघत बसले, दोन तास. वेळ झाली तशी ती पेटी दोन्ही हातांत धरून असा एक हिसका दिला." तिने हवेत पेटी धरून मनगटं वळवली. "मग चाललं. साहेबांनासुद्धा तो हिसका जमत नाही."

बाईंनी शुक्रवारचा फोटो काढला. मग वही. मग बोटांवर तास मोजले, आणि एकदा चुकल्या म्हणून पुन्हा मोजले. मावशीला त्यांनी चहा मागवला आणि घरी जायला सांगितलं. चांभाराला विचारायचा एक प्रश्न राहिला होता. त्यांनी शनिवारी तो विचारला नव्हता, कारण तेव्हा सगळं गाव मंगळवारबद्दलच बोलत होतं, आणि त्याही.

सोमवारी सकाळी दहाला सगळे त्या खोलीत जमले. कप्तान खुर्चीत, पुतण्या दाराशी, मावशी भिंतीला टेकून. घड्याळजींना बाईंनी क्रोनोमीटर बघायला म्हणून बोलावलं होतं. गुडघ्यांची तक्रार असूनही ते जिना बरा चढले. हवालदार जिन्यात उभा होता.

"दंतवैद्य उद्या भेटणार, तोवर तोंड उघडलं की कळ येते," बाई म्हणाल्या, "म्हणून थोडक्यात सांगते. या घड्याळाला सोमवारी सकाळी आठला किल्ली दिली. ते छप्पन्न तास चालतं. म्हणजे थांबलं कधी?"

"बुधवारी दुपारी चारला," पुतण्याने हिशेब केला.

"बरोबर. आणि मी शुक्रवारी सहाला इथे आले तेव्हा ते चालू होतं." त्यांनी फोटो मेजावर ठेवला. "हा छोटा काटा बघा. सव्वीसवर आहे. शुक्रवारी सहाच्या आधी सव्वीस तास म्हणजे गुरुवारी दुपारी चार. गुरुवारी चारला या खोलीत कुणीतरी होतं. मावशी तेव्हा बहिणीच्या गावी होती. तिथल्या तीन घरांनी मला काल फोनवर तेच सांगितलं. तुम्ही हॉस्पिटलात काकांच्या उशाशी मान आखडून बसला होता."

"आणि मंगळवारचं गाठोडं?"

"पडदे. घंटा नेली गुरुवारी. मंगळवार आपण सगळ्यांनी धरून ठेवला, कारण शेजारणीला त्या दिवशी काहीतरी दिसलं होतं." बाईंनी गाल दाबला. "आता बघा. चोर घंटा घेऊन निघू शकला असता. पण त्याची नजर या बंद घड्याळावर पडली. काटे चारवर थांबलेले होते आणि चार वाजायला थोडाच वेळ होता. त्याने किल्ली दिली, चार वाजायची वाट बघितली आणि हिसका दिला. हातात चोरीची घंटा, कुणीही येईल अशी भीती, आणि हा माणूस उभा राहून घड्याळ चालू करतो. पैशांसाठी चोरी करणारा असं करेल का? असं एकच माणूस करेल, ज्याला लग्नाच्या घरातसुद्धा बंद घड्याळ बघवत नाही."

घड्याळजी आपल्या हातांकडे बघत होते.

"गुरुवारी तीन ते पाच दुकान बंद होतं, चांभाराने सांगितलं. महिनाभर इथे पाय ठेवला नाही म्हणालात. आणि दुकानात एकच घड्याळ बंद आहे, ते उभं. एवढ्या घड्याळांत बंद असायला तेच का? मला वाटतं, त्याचा लंबक हलू शकत नाही, कारण आत दुसरं काहीतरी लटकवलंय. किल्ली देता की हवालदाराला दार फोडायला सांगू?"

घड्याळजींनी खिशातून छोटी किल्ली काढून मेजावर ठेवली. हवालदार जाऊन आला. घंटा पोत्यात गुंडाळलेली होती, भोपळ्याएवढी, आणि चार दिवसांत काळी पडली होती.

"का रे?" कप्तानांनी विचारलं. आवाज अगदी लहान होता.

घड्याळजी मित्राकडे न बघता बोलले. "तुझी बायको गेली त्या वर्षी तू अंथरुणातून उठत नव्हतास. जेवत नव्हतास. मी भंगारातून एक घंटा आणली, जर्मनीणीचं नाव कोरलं, आम्ल लावून जुनी केली आणि सांगितलं की एका कोळ्याच्या घरी मिळाली. तू उठलास. दाढी केलीस. मग मला खरं सांगता येईना. बावीस वर्षं येईना. आता ते यंत्र आणणार होते. एक वस्तू खोटी निघाली असती तर तुझं सगळं खोटं ठरलं असतं."

कप्तानांनी घंटेवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. इथेच सगळं संपलं असतं, आणि दोन म्हातारे गळ्यात गळे घालून रडलेही असते, पण बाईंचा राग अजून निघायचा होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "रोज साडेसात फेरे देता ना? शनिवारी आठला किती दिलेत?"

कप्तानांनी घंटा परत पोत्यावर ठेवली.

"मी सांगते. गुरुवारी चारपासून शनिवारी आठपर्यंत चाळीस तास, म्हणजे काटा चाळीसवर होता. साडेबारा फेरे बसले असतील. तुमच्या बोटांना ते कळल्याशिवाय राहिलं नाही. बंद असायला हवं ते चालू आहे, आणि ते चालू करणारा गावात एकच माणूस आहे. शनिवारी सकाळी आठपासून तुम्हाला माहीत होतं. म्हणून तपास बंद करा म्हणालात."

"मला वाटलं, त्याची काही अडचण असेल," कप्तान पुटपुटले. "चाळीस वर्षांचा मित्र. सोमवार होऊन जाऊ दे, मग विचारू. मावशीला काही होणार नाही असं वाटलं."

"काही होणार नाही? काल ती चार तास ठाण्याच्या बाकावर बसली होती. जो कागद मांडीवर घेऊन ती बसली होती तो तुम्हीच मिळवून दिलेला. तुम्ही मित्राला वाचवलंत, मित्राने तुम्हाला वाचवलं, आणि दोघांनी मिळून तिला पुढे केलं."

मावशी भिंतीपासून पुढे आली. तिने पोत्यावरची घंटा उचलून आतून बोट फिरवलं आणि ते बोट कप्तानांसमोर धरलं. बोटावर तांबूस डाग होता.

"जहाजाच्या पितळाचा असा डाग पडत नाही," ती म्हणाली. "ही घंटा त्या जहाजाची नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुमचा जीव होता तिच्यावर, म्हणून बोलले नाही. मला विचारायचं होतं. मी कपाटात ठेवून दिली असती आणि यादीतून काढली असती, कुणाला काही करायला लागलं नसतं."

अकराला संग्रहालयाचे अधिकारी आले, यंत्राची पेटी घेऊन. बाईंनी दारातच त्यांना सगळं सांगितलं आणि मावशीवर कसलाही गुन्हा नसल्याचा सही-शिक्क्याचा कागद हातात दिला. अधिकाऱ्यांनी घंटेवर यंत्र टेकवलं, आकडा बघितला, आणि मावशीला विचारलं की बाकी वस्तूंपैकी कोणती खोटी आहे का. तिने खोलीभर एकदा नजर फिरवली. एका ताटलीकडे बोट केलं, ही दुसऱ्या जहाजाची, मागचा नांगराचा शिक्का वेगळा आहे. बाकी सगळं जर्मनीणीचं. दोन तास यंत्र फिरलं, आणि प्रत्येक वेळी तिचंच खरं निघालं. अधिकाऱ्यांनी संग्रह घेतला आणि तिला उद्यापासूनच यायला सांगितलं.

तक्रार मागे घेण्याच्या कागदावर बाईंनी एक अट घातली. दोन्ही म्हाताऱ्यांनी इमारतीतलं प्रत्येक दार वाजवून काय झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, सुरुवात शेजारणीपासून. घड्याळजींचे गुडघे त्या दिवशी चारही मजले चढले.

जाताना मावशीने कॅलेंडरमागची किल्ली काढून कप्तानांच्या मेजावर ठेवली. कप्तानांनी विचारलं, आता घरातलं कोण बघणार?

"रोज आठ वाजता त्या घड्याळाला किल्ली देत होतात ना, साहेब?" ती म्हणाली. "घड्याळ आता माझ्याकडे येणार. तुमचे आठ वाजताचे हात मोकळे झाले. भांडी घासा."

मग तिने संग्रहालयाचं पत्र पिशवीत नीट ठेवलं आणि फौजदारबाईंबरोबर जिना उतरली.